दोघींचं बीपी

अगाफियाला मी पहिल्यांदा पाहिलं ते इटलीतल्या कार्पी शहराच्या बसस्टँडमागच्या मोकळ्या जागेत. दर रविवारी सकाळी आमच्या देशातून, मोल्दोवाहून, मिनीबस तिथे येऊन थांबते. ड्रायव्हर मागचं दार उघडतो आणि नावं पुकारत बरण्या, पिशव्या, खोकी खाली देत सुटतो. भोवती आम्ही बायका उभ्या. सगळ्या एकाच धंद्यातल्या. इटलीतल्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला नाहीतर बापाला सांभाळायचं, त्यांच्याच घरात राहायचं, आणि रविवारी सुट्टी मिळाली की इथे येऊन घरचा वास घ्यायचा.

"बोर्दियान!" ड्रायव्हर ओरडला.

एक उंच, रुंद खांद्यांची बाई पुढे झाली. हातात प्लास्टिकची बादली पडली तसं तिनं तिथेच झाकण उघडलं, वाकून वास घेतला, आणि पुन्हा घट्ट लावलं. मेंढीच्या दुधाचं चीज, खाऱ्या पाण्यात बुडवलेलं.

"आलं गाव," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

मी विचारलं, "कुठलं?" तिनं गावाचं नाव सांगितलं. माझ्या माहेरापासून दोन टेकड्या पलीकडे. झालं. त्या दिवसापासून मी तिची दोरिना आणि ती माझी लेल्या अगाफिया. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, लेल्या म्हणतात.

गावात ती बालवाडीच्या स्वयंपाकघरात होती. पोरं कमी होत गेली, मग बालवाडीला कुलूप लागलं. नवरा दारूनं लिव्हर सडून गेला. मुलगा मॉस्कोत इमारतींच्या कामावर, मुलगी आयर्लंडला मासळीच्या कारखान्यात. घराची किल्ली शेजारच्या मेलानियाकडे. म्हणजे एका घरातली माणसं तीन देशांत आणि घरात कुणीच नाही. पण हे आमच्यातल्या कुणाहीबद्दल सांगता येईल. अगाफिया त्याबद्दल बोलायचीही नाही फारसं.

तिच्या आईबद्दल मात्र एकदा बोलली. आई बिटाच्या शेतात खुरपत होती. सरळ झाली, हात कपाळाला लावला, आणि खाली बसली ती उठलीच नाही. "डोक्यात रक्त चढलं" एवढंच लोक म्हणाले. तेव्हा आईचं जे वय होतं तेच इटलीत आली तेव्हा अगाफियाचं होतं. हे ती सांगत होती तेव्हा आम्ही बागेतल्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत होतो. मी म्हटलं, "लेल्या, तू कधी बीपी तपासलंस?"

"मी रोज तपासते की," ती हसली. "दोन वेळा. सिन्योराचं."

सिन्योरा म्हणजे बाईसाहेब, ती जिथे कामाला होती त्या दिर्चेबाई. चौऱ्याऐंशीच्या. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. जन्मभर त्यांनी घरातल्या मशीनवर स्वेटर विणले होते. अख्ख्या कार्पीत तेव्हा घरोघरी तेच चालायचं म्हणे. बीपी वर्षानुवर्षं होतं, त्यातून अर्धांगाचा एक लहानसा झटका येऊन गेला होता. डावा हात लुळा नव्हता, पण त्यात जोरही उरला नव्हता. मुलगा लोरिस बोलोन्यात नोकरीला. तो रविवारी यायचा. माणूस वाईट नव्हता. यायचा, आईच्या गालाचा मुका घ्यायचा, जेवायचा, घड्याळ बघायचा.

अगाफियाला सगळं शिकवलं ते डॉक्टरांनी आणि लोरिसनं मिळून. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाच्या आधी. खुर्चीला पाठ टेकवून बसवायचं, पाय जमिनीला, पायावर पाय नको. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. आधी पाच मिनिटं स्वस्थ बसायचं आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. एकदा घ्यायचं, थोडं थांबून पुन्हा घ्यायचं.

या सगळ्यात अवघड काय होतं तर न बोलणं. दिर्चेबाई झोपेतही बोलायच्या.

"हे काय आहे?" जेवताना चमचा वर धरून त्या विचारायच्या.

"सूप आहे, सिन्योरा."

"सूप? मोजे धुतलेलं पाणी याहून चवदार लागतं."

"मग उद्या मोजे टाकते."

"टाक. लोरिसचे टाक. निदान काहीतरी खारट लागेल."

अगाफियानं हळूहळू युक्त्या शोधल्या. कांदा मंद आचेवर अगदी लाल होईस्तोवर परतायचा. सेलरीची पानं फेकायची नाहीत, सुपात घालायची. वरून लिंबू पिळायचं. सुपाच्या तयार वड्या तिनं घरातून हद्दपार केल्या, कारण त्यांत मीठच मीठ. हॅम फक्त सणाला. दिर्चेबाई कुरकुरत राहिल्या, पण ताटलीत काही उरत नसे. बीपी उतरलं. डॉक्टरांनी कौतुक केलं, "चांगली बाई मिळाली तुम्हाला."

आणि ही चांगली बाई स्वतः काय खायची? सिन्योराला वाढून झालं की स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून बादलीतलं खारं चीज, बरणीतली खारवलेली काकडी, पावाचा तुकडा, कधी मीठ लावून मुरवलेली डुकराची चरबी. बसायची नाही. "एकट्यासाठी काय टेबल मांडायचं," म्हणायची. सिन्योराला उचलून बसवण्यात कंबर धरलेली असायची, त्यावर दुखीच्या गोळ्या. दिवसाला एक, कधी दोन, कधी आणखी. झोप तुकड्यातुकड्यांनी, कारण म्हातारीला रात्रीतून उठावं लागे. मान जड झाली की म्हणायची, "धुकं आहे ना, म्हणून." कार्पीत धुकं कायमचंच असतं, त्यामुळे कारण कधी कमी पडलं नाही.

बीपीला ती घाबरत नव्हती, कारण तिच्या लेखी तो बसून राहणाऱ्या माणसांचा आजार होता. ज्याला वेळ आहे त्याला होणारा.

एका सकाळी मशीननं दिर्चेबाईंचा आकडा फारच कमी दाखवला. पुन्हा घेतला, पुन्हा तोच.

"बिघडलं," दिर्चेबाई म्हणाल्या. "नाहीतर मी मेलेय आणि मला कुणी सांगितलं नाही."

"बॅटरी बदलते."

"आधी तुझ्या हाताला लाव. तू धडधाकट आहेस ना, तुझं बरोबर आलं तर मशीन बरोबर."

अगाफियानं बाही वर केली. पट्टा तिच्या दंडाला जेमतेम पुरला, शेवटाचा चिकटपट्टा अर्धाच चिकटला. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि पुन्हा फुगू लागलं, जसं काही पहिल्या दमात त्याला पत्ता लागला नव्हता. मग आकडा आला. वरचा एकशे चौऱ्याण्णव, खालचा एकशे बारा.

दिर्चेबाई काही बोलल्या नाहीत. अगाफियाला भीती वाटली ती त्यांच्या गप्प बसण्याची.

"बघा, बिघडलंय," अगाफिया पट्टा सोडवत म्हणाली.

"अगाफिया, बस खाली."

"पट्टा लहान आहे, सिन्योरा. तुमचा दंड चिमणीचा, माझा बैलाचा. लहान पट्टा आवळला की आकडा वर जातो, डॉक्टरच म्हणाले होते."

"तेव्हा ते तुझ्या दंडाकडे बघूनच म्हणाले असतील. जा, औषधांच्या दुकानात मोठा पट्टा असेल, त्यानं मोजून ये."

"मला काय धाड भरलीय?"

बॅटरी बदलल्यावर सिन्योराचा आकडा नेहमीसारखा आला, पण अगाफिया गेली नाही. कपडे वाळत घालायचे होते, बाजार होता, काहीतरी होतंच. खरं कारण तिनं मला नंतर सांगितलं. आजारी बाईला कामावर कोण ठेवतं? म्हाताऱ्याला सांभाळायला आणलेल्या बाईलाच सांभाळायची वेळ आली, तर घरचे दुसरी बाई बघतात. आणि काम गेलं म्हणजे नुसतं काम जात नाही. आम्ही राहतो तेच घर जातं, त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अगाफिया मशीन घेऊन आली तर दिर्चेबाईंनी दोन्ही हात शालीखाली घेतले.

"हात द्या, सिन्योरा."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"संप. तरुणपणी आम्हाला सूत देणाऱ्या कारखान्याच्या दारात केलाय, अजून विसरले नाही. तू मोजून येत नाहीस तोवर मी मोजून देणार नाही. गोळीसुद्धा घेणार नाही."

"लोरिसना फोन करीन."

"कर. मग मीही त्याला सांगते मशीनवर तुझा काय आकडा आला ते."

अगाफियानं सिन्योराला मनातल्या मनात आमच्या भाषेत काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पण कोट चढवला आणि खाली उतरली. औषधांच्या दुकानातल्या बाईनं तिला आतल्या खोलीत बसवलं, जरा दम खाऊ दिला, मोठा पट्टा गुंडाळला. थोडा कमी आला आकडा, पण थोडाच. दुसऱ्या हातावर घेतला, तोच. "तुमचे डॉक्टर कोण?" त्या बाईनं विचारलं. अगाफियाकडे आरोग्य कार्ड होतं, त्यावर डॉक्टरांचं नावही होतं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याकडे एकदाही गेली नव्हती. "आजच जा," ती बाई म्हणाली. "उद्या नाही."

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी रक्त-लघवी तपासायला लिहून दिलं, हृदयाचा आलेख काढला, डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. मग विचारत गेल्या. आईवडिलांपैकी कुणाला? जेवण काय? झोप किती? कुठली औषधं घेता?

"औषध कसलंच नाही," अगाफिया म्हणाली. "नुसत्या दुखीच्या गोळ्या."

"रोज?"

"कंबर रोज दुखते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्या गोळ्या शरीरात मीठपाणी धरून ठेवतात. बीपी चढवतात. त्या आधी बंद. कंबरेसाठी दुसरं काहीतरी बघू."

"पण मला काही होत नाही, डॉक्टर. मान दुखते ती धुक्यानं."

"बीपी दुखत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हाच तर त्याचा त्रास आहे. रक्ताच्या नळ्यांवर रात्रंदिवस जोर पडत राहतो, त्या आतून कडक होतात, हृदयाला ढकलायला आणखी ताकद लागते. मेंदू, डोळे, मूत्रपिंड सगळं त्यात झिजतं. तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या आईला कुठे कळलं होतं?"

अगाफिया घरी आली तेव्हा दिर्चेबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"काय म्हणाली?"

"रोज गोळी. जन्मभर."

"मग? मीही घेतेच की. चल, आता माझं मोज. भूक लागलीय."

अगाफियानं पट्टा हातात घेतला आणि तिथेच तिला रडू कोसळलं. "लोरिसना सांगू नका," एवढंच ती म्हणत राहिली.

"लोरिसला मी काय खाल्लं तेसुद्धा सांगत नाही," दिर्चेबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, सूत जास्त ताणलं ना, तर तुटताना आवाज करत नाही. तुला वाटतं मशीन मजेत चाललंय, आणि खाली बघावं तर बाहीभर भोक. मी किती बाह्या उसवल्यात त्या पायी. तू नको मला घाबरवूस."

त्यानंतरचे महिने अगाफियाच्या इटलीतल्या वर्षांतले सगळ्यात चांगले. हे तीच म्हणायची. दिर्चेबाईंनी दुकानातून मोठा पट्टा मागवला, लोरिसला सांगितलं की जुना दंडाला रुततो. सकाळी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. आधी अगाफिया दिर्चेबाईंचं मोजायची. मग दिर्चेबाई अगाफियाचं. डाव्या हातात जोर नसल्यानं पट्टा आवळताना त्या एक टोक हनुवटीखाली दाबून धरायच्या आणि उजव्या हातानं ओढायच्या. कधी वाकडा बसायचा, पुन्हा सोडून पुन्हा बांधायच्या. अगाफिया स्वतः बांधू शकत होती, पण हलायची नाही.

"किती वर्षांत कुणी माझा हात असा धरला नव्हता, दोरिना," ती बाकावर मला म्हणाली. "मी सगळ्यांना धरते. धुते, पुसते, उचलते. मला कोण धरणार?"

जेवणही एकत्र होऊ लागलं. "मी एकटीनंच का भोगायचं ते मोज्यांचं पाणी?" दिर्चेबाईंनी फर्मान काढलं. अगाफियाचं बादलीतलं चीज आधी पाण्यात भिजत पडू लागलं, मग चिमूटभर उरलं, मग तिनं मेलानियाला फोन करून सांगितलं, आता चीज नको, अक्रोड पाठव. दुपारी बाई झोपल्या की ती तासभर बाहेर चालून यायला लागली, भिंतीभिंतीनं, शहराभोवती. आकडा खाली आला. एकदम नाही. एका गोळीनं भागलं नाही, डॉक्टरांनी दुसरी जोडली, तिनं पायांवर सूज आली, मग ती बदलली. पण आला.

"एकशे बत्तीस," दिर्चेबाई जाहीर करायच्या. "आज तू माझ्याहून वर गेलीस, म्हणजे हरलीस. कॉफी तू कर."

"मी जिंकले तरी कॉफी मीच करते."

"मग काय, मी करू? या हातानं?"

शरद ऋतूत दिर्चेबाईंना खोकला झाला, छातीत उतरला, आणि आठवड्याभरात हॉस्पिटलातच त्या वारल्या. बीपीनं नाही. शेवटपर्यंत तिथल्या नर्सला सांगत होत्या म्हणे, पाय जमिनीला लागलेले नाहीत, असं मोजतात का कधी?

मातीला आम्हीही गेलो होतो, तीन-चार जणी. लोरिस रडला, अगाफियाला मिठी मारली, म्हणाला, तुम्ही नसता तर आई इतकी वर्षं टिकली नसती. मग हलक्या आवाजात सांगितलं की घर विकायचंय. महिनाभर राहा, खुशाल राहा. ती राहिली आणि तो महिना तिनं घर धुण्यात घालवला. लोरिसच्या बायकोनं एका खोक्यात काठी, न्हाणीतली बसायची खुर्ची, उरलेली औषधं, बीपीचं मशीन असं सगळं भरलं आणि चर्चमध्ये दानाला पाठवलं. त्या मशीनचा पट्टा कुणाच्या दंडासाठी आणला होता हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. अगाफिया तिथेच उभी होती.

"मागायचं होतंस," मी म्हटलं.

"कुणासाठी म्हणून सांगू?" ती म्हणाली.

नवीन काम मिळालं ते गावाबाहेर, सपाट शेतांच्या मधोमध असलेल्या एका घरात. सिन्योर ओरेस्ते नावाचे म्हातारे, ज्यांनी बोलणं सोडून दिलं होतं. डोक्यातून सगळं पुसलं गेलेलं. वाढलं तर जेवायचे, बसवलं तर बसायचे. मुलगी मिलानला. तिनं स्वयंपाकघरात कॅमेरा लावला होता, भिंतीवर वर, बाबांवर लक्ष राहावं म्हणून. अगाफियाला मात्र आपण काय खातो, कधी बसतो, सगळं कुणीतरी बघतंय असं वाटायचं. गोळी ती न्हाणीघरात जाऊन घ्यायची.

रविवारी तिकडून कार्पीला यायला बस नव्हती. बाकावर तिची जागा रिकामी राहू लागली. फोन व्हायचा, पण फोनवर ती "ठीक आहे" याच्यापलीकडे जायची नाही. मी विचारायचे, "बोलतेस कुणाशी?"

"सिन्योरशी. आज मी त्यांना माझ्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली. छान ऐकतात. उद्या पुन्हा सांगेन."

गोळ्या संपल्या. डॉक्टर कार्पीत, तिची सुट्टी तिन्हीसांजेची, दवाखाना तोवर बंद. फोन करून औषध लिहून मागता आलं असतं, पण अगाफिया इटालियन फोनवर घाबरायची, समोर माणूस दिसल्याशिवाय तिला शब्द सुचायचे नाहीत. आठवडा गेला. काही झालं नाही. पंधरवडा गेला. मानसुद्धा दुखली नाही, धुकं असूनही. "मग मला वाटलं, गेलं असेल," ती नंतर म्हणाली. "एवढं मीठ सोडलं, एवढं चालले. गेलं असेल."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी बागेतच होते.

"दोरिना," ती म्हणाली, "मी ते... खिडकी शिजवत होते."

"काय शिजवत होतीस?"

"खिडकी. सिन्योरसाठी. आणि मग ते सांडलं." जीभ जड झाल्यासारखी, शब्द एकमेकांवर घसरत होते.

"लेल्या, दोन्ही हात वर कर."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग अगदी शांतपणे, "एकच येतोय."

मी माझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या हातातून तिचा फोन हिसकावला आणि अँब्युलन्सला लावला. एका कानाला अगाफिया, दुसऱ्या कानाला ते. पत्ता मला पाठ होता, नाताळात तिला मोजे पाठवले होते. तिला म्हणत राहिले, खाली बस, भिंतीला टेक, काही खाऊ नकोस, पाणीही नको, फोन ठेवू नकोस. ती मला काहीतरी सांगत होती, बालवाडीतल्या पोरांबद्दल असावं. अर्धं कळलं, अर्धं नाही. मग सायरन ऐकू आला, आणि अनोळखी माणसांचे आवाज.

वेळेत पोचले ते. औषध देता आलं. ती वाचली, उजव्या हाताची पकड मात्र गेली, आणि इटालियनमधले बरेच शब्द गेले. आमची भाषा राहिली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का सोडल्या? मी मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होते.

"बरं वाटत होतं," ती म्हणाली.

"बरं वाटण्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले. "या रोगात ते काहीच सांगत नाही. आकडा बघा. आणि गोळी संपायच्या आधी नवीन आणा, संपल्यावर नाही."

सिन्योर ओरेस्तेंच्या मुलीनं कॅमेऱ्यात बापाला एकटंच बसलेलं पाहिलं होतं आणि ती मिलानहून गाडी हाकत आली होती. हॉस्पिटलातही येऊन गेली, फुलं ठेवून. दुसरी बाई तिला तोवर मिळाली होती.

आता अगाफिया कुणाला उचलू शकत नव्हती. वसंतात ती त्याच मिनीबसनं गावी परतली, यावेळी मागच्या दाराशी बरण्या घ्यायला नाही, आत सीटवर बसून. मुलीला तिनं सांगितलं, थकले म्हणून आले. हाताचं सांगितलं नाही. मुलगी फोनवर म्हणते, आई, व्हिडिओ लाव ना. ती म्हणते, इथे नेटवर्क नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा दोन दिवस तिच्याकडे राहिले. गल्लीत धूर निघतो अशी घरं बोटांवर मोजण्याइतकी. मेलानियाही आता मुलीकडे ओडेसाला गेली, तिच्या घराची किल्ली अगाफियाकडे. गावात नर्स आठवड्यातून एकदा येते. मी कार्पीहून मोठ्या पट्ट्याचं मशीन नेलं होतं. बधिर हातानं तिला पट्टा ओढता येत नव्हता, पण दाराच्या कडीत एक टोक अडकवून तो आवळायची युक्ती तिनं पहिल्याच सकाळी काढली. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे. तू गेल्यावर कोण येणार?" आकडा चांगला होता. गोळ्या खिडकीत, नर्सनं पुढच्या महिन्याच्याही आणून ठेवलेल्या.

तिनं मामालिगा केला, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, बिनमिठाचा, सोबत आंबट साय आणि वाटलेला लसूण. ओट्यापाशी नाही, टेबलावर वाढला, दोन ताटल्या मांडून. मी खाऊन बघितलं आणि म्हटलं, "मोज्यांचं पाणी तरी बरं." ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी आम्ही ओसरीत बसलो. तिनं रस्त्यापलीकडची घरं एकेक करून दाखवली. हे पोर्तुगालला, हे जर्मनीत, हे वारले, हे मॉस्को. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. "इथे बीपी वाढायला काही कारणच नाही," ती म्हणाली. "भांडायलाही कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं माझी बॅग धरून ठेवली. "अजून एक दिवस राहा ना."

"लेल्या, मिनीबसची सीट घेतलीय. सोमवारी कामावर हजर व्हायचंय."

"हो हो. तेही खरंच."

ती फाटकापर्यंत आली. कधी नाही ते मिनीबस वेळेवर आली. मी चढले, खिडकी सरकवली, ती म्हणाली, "चल, मी जाते, चुलीवर भांडं ठेवलंय," आणि बस हलायच्या आधीच वळली. चुलीवर काही नव्हतं. सकाळी मीच सगळी भांडी घासून पालथी घातली होती.